बोल्ट ड्रॉइंगमध्ये बसतो, पाना साइटवर बसत नाही

भोसरीकर
नमस्कार मंडळी. गेली १४ वर्षं भोसरीत फॅब्रिकेशन करतो. डिझाइन आमच्याकडे नसतं. ड्रॉइंग येतं, त्याप्रमाणे कापायचं, भोकं पाडायची, रंगवायचं आणि साइटवर उभं करून द्यायचं.

सध्या चाकणला एका शेडमध्ये मेझनाइनचं (मधल्या माळ्याचं) काम चालू आहे. मुख्य तुळया आयएसएमबी ५०० (आय आकाराच्या, ५०० मिमी उंच). त्यांच्या वेबला (मधल्या उभ्या पत्र्याला) दोन्ही बाजूंनी समोरासमोर येऊन मिळतात त्या दुय्यम तुळया आयएसएमबी ३००, वरच्या फ्लँज (आडव्या पट्ट्या) एका पातळीत. जोड डबल अँगल क्लीटचा: ९०×९०×८ चे दोन अँगल, एम२० (२० मिमी व्यासाचे), ८.८ ग्रेडचे बोल्ट, प्रत्येक पायावर चार, पिच (शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांमधलं अंतर) ५०, गेज ५०. आणि दोन्ही पायांवरची भोकं एकाच उंचीवर. क्लीट दुय्यम तुळईच्या वेबला शॉपमध्येच बोल्टने आवळून पाठवलेत.

काल पहिली तुळई हायड्राने (फिरत्या क्रेनने) चढवली. ती बसली, कारण नट पलीकडच्या मोकळ्या बाजूला होता. दुसरी समोरून आली आणि गाडी अडली. आता नट दुसऱ्या तुळईच्या क्लीटच्या कोनात येतो, आणि तिथे तुळईच्या वेबच्या बोल्टाचे नट आधीच बाहेर आलेले. फिटरने फिक्स पाना, रिंग पाना, सॉकेट असं सगळं लावून पाहिलं. शेवटी छिन्नी नटाच्या कोपऱ्याला टेकवून हातोडीने ठोकत फिरवायला लागला. नट जेमतेम दोन आटे चढला आणि शेजारच्या बोल्टाच्या टोकाला घासून अडकला. मी काम थांबवलं.

कन्सल्टंटना फोन केला. त्यांचं म्हणणं, पिच व्यासाच्या अडीचपट म्हणजे ५० आहे, टोकाचं अंतर ३५ आहे, आयएस ८०० मध्ये (स्टीलच्या बांधकामाच्या भारतीय कोडमध्ये) सगळं बसतं. फिटर म्हणतो, साहेब, गॅस मारून भोकं १५ मिमी खाली घेतो, अर्ध्या दिवसाचं काम. त्याला मी नाही म्हटलंय, पण नाही म्हणण्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. २२ तुळया रंगवून तयार पडल्या आहेत.

पान्याच्या जागेचा नियम असतो कुठे? आणि आता काय करू?

निनाद_के
रुमाल टाकून ठेवतो. हा धागा जोरात चालणार.

कोडवाला
तुमच्या कन्सल्टंटनी सांगितलेले आकडे बरोबर आहेत, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. अडीचपट पिच आणि भोकाच्या दीडपट कडेचं अंतर (हाताने गॅसने किंवा शिअरवर कापलेली कड असेल तर १.७ पट) हे नियम प्लेटसाठी आहेत. बोल्ट भोकाच्या भिंतीवर दाब देतो, तेव्हा दोन भोकांमधला किंवा भोक आणि कड यांच्यामधला पत्रा फाटू नये, एवढंच त्यात पाहिलेलं आहे. पाना फिरवणाऱ्या हाताचा विचार त्या कलमात नाही.

एम२० ला भोक २२. दीडपट म्हणजे ३३. तुमचं ३५ आहे, चाललं. पण 'चाललं' आणि 'चांगलं' यात फरक आहे. बेअरिंगच्या (भोकाच्या भिंतीवरच्या दाबाच्या) सूत्रातला केबी हा गुणक पिच ५० असताना ५०/६६ (६६ म्हणजे भोकाची तिप्पट) वजा ०.२५, म्हणजे ०.५१ येतो. पिच ७० आणि टोकाचं अंतर ४० घेतलं तर टोकाचं अंतर ठरवतं आणि तो ०.६१ होतो. आयएसएमबी ३०० ची वेब ७.५ मिमी धरली तर एका बोल्टमागे ६२.५ ऐवजी ७४.५ किलोन्यूटन. आता बेरीज करा. ५० च्या पिचने चार बोल्ट: २५०. ७० च्या पिचने तीन बोल्ट: २२४ च्या आसपास. एक बोल्ट कमी करून ताकद जेमतेम दहा टक्क्यांनी उतरली. आणि क्लीटची लांबी? ३ गुणिले ५० अधिक दोन वेळा ३५ म्हणजे २२०. २ गुणिले ७० अधिक दोन वेळा ४० म्हणजे पण २२०!

ब्लॉक शिअर (बोल्टांभोवतीचा वेबचा तुकडा फाटून निघणं) वेगळा तपासावा लागेल, कारण वरची फ्लँज टोकाला कापून नॉच केली असणार. पण चार बोल्ट दाटीने कोंबण्याची गरज होती असं मला वाटत नाही.

मेघना_आर्क
वाचतेय. आम्ही आर्किटेक्ट लोक 'स्टील बीम' म्हणून एक रेघ मारतो आणि पुढे जातो. गेज म्हणजे नक्की काय ते कुणी सांगेल का? पिच समजला.

वऱ्हाडी_डिटेलर
ताई, अँगलच्या पाठीपासून बोल्टाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे गेज. तुळईच्या फ्लँजवर असेल तर वेबच्या दोन बाजूंच्या दोन रांगांमधलं अंतर.

भोसरीकर, मी नागपुरात अमेरिकन कामांचं डिटेलिंग करतो, रोज हेच करून राहिलो. तुमचा जोड कागदावर काढून पाहिला. कोडवाले साहेबांचं पिचचं गणित बरोबर, पण तुमची अडचण मुळात पिचची नाही. ५० वर दोन शेजारच्या नटांमध्ये सॉकेट जाते. ३० च्या सॉकेटचा बाहेरचा व्यास ४४, म्हणजे त्रिज्या २२. शेजारच्या नटाचा कोपरा मध्यापासून १७. बेरीज ३९, जागा ५०. भागते न.

भानगड दोन पायांच्या कोपऱ्यात आहे. गेज ५०, अँगलची जाडी ८. म्हणून मुख्य तुळईच्या बोल्टाचा मध्य शेजारच्या पायाच्या आतल्या पृष्ठापासून ४२ वर. त्या पायातून वेबच्या बोल्टाचा नट बाहेर येतो. वॉशर ३, नट १८, वर डोकावणारे दोन-तीन आटे, असे सुमारे २८. उरले किती? १४. आणि तुम्हाला तिथे ज्या नटाला बसवायचं आहे त्याचा कोपरा मध्यापासून १७ वर. सॉकेट तर सोडाच, नटालाच जागा नाही. फिटर बिचारा कुठून फिरवणार!

अमेरिकेच्या एआयएससी (तिथली स्टील बांधकामाची संस्था) मॅन्युअलमध्ये यासाठी वेगळा तक्ता आहे. बोल्ट आत घालायला किती जागा लागते आणि आवळायला किती, दोन्ही त्यात दिलंय. आमच्या इथे नवीन पोराला पहिल्या आठवड्यात तोच तक्ता दाखवतो. त्यांचा नेहमीचा पिच ३ इंच, म्हणजे ७६ मिमी. दोन्ही पायांवर बोल्ट असतील तर एका पायाची भोकं अर्ध्या पिचने वरखाली सरकवतात.

भोसरीकर
१४ आणि १७! आत्ता जाऊन फूटपट्टीने मोजून आलो. टोकापासून भोकाच्या मध्यापर्यंत कुठे १३, कुठे १५. चौदा वर्षांत हा हिशेब मला कुणी असा मांडून दाखवला नव्हता. मनापासून आभार.

लंडननिवासी
इकडे ब्रिटनमध्ये साध्या जोडांसाठी ठरलेला साचाच आहे: एम२०, ८.८, भोक २२, पिच ७०. बहुतेक इमारतींत तोच दिसतो. डिझायनरला पिच निवडण्याची मोकळीक असते, पण कुणी उगाच वेगळा घेत नाही, कारण सगळ्या शॉपचं ड्रिलिंग त्यावर लागलेलं असतं.

सांगलीचा_फिटर
भोसरीकर दादा, एक उपाय सांगतो. बोल्ट उलटा घाला. ज्या कोपऱ्यात वेबच्या बोल्टाचा नट आहे तिकडे मुख्य बोल्टाचं डोकं ठेवा आणि नट समोरच्या बाजूला काढा. डोकं साडेबारा मिमीच उंच, ते नटाखाली बसतं. समोरच्या तुळईला मात्र त्याच बाजूला वेबच्या बोल्टांची डोकी आली पाहिजेत, नट नकोत. म्हणजे तिथे सॉकेट जाईल. एक तुळई नट पूर्वेला, समोरची नट पश्चिमेला, असं करून चढवायचं.

वऱ्हाडी_डिटेलर
दादा, डोकं चांगलं चाललं तुमचं. बसल्यावर बसेल. पण तो बोल्ट आत जाणार कसा? डोकं बाहेरून येताना वेबच्या बोल्टाच्या टोकाजवळूनच जायला पाहिजे. तिथे जागा १४, आणि डोक्याची सपाट बाजूसुद्धा मध्यापासून १५. एका मिलिमीटरने अडते. त्याचमुळे तक्त्यात 'घालायला' आणि 'आवळायला' असे दोन वेगळे रकाने असतात.

सांगलीचा_फिटर
खरं आहे. मग आधी वेबचे बोल्ट काढून, मुख्य बोल्ट घालून, परत वेबचे बोल्ट घालावे लागतील. हायड्रावर टांगलेल्या तुळईचे क्लीट ढिले करून. नको. मी माझं मत मागे घेतो.

खलाशी_मिरज
मी २० वर्षं इरेक्शनवर आहे, टोळी माझी स्वतःची. सगळे पान्याचं बोलताय, मला त्याच्या आधीचं दिसतंय. भोसरीकर साहेब, तुम्ही पहिली तुळई बोल्टावर टांगली आणि दुसरी समोरून आणली. दोघींचं भोक एकच. म्हणजे दुसरी बसवायला पहिलीचे नट काढून बोल्ट मागं घ्यायला लागले. त्या वेळेला पहिली तुळई कशावर हुती?

आमच्याबरोबर एकदा असंच झालेलं. पोरगं तुळईच्या टोकावर बसून टॉमीनं (टोकदार सळईनं) भोकं जुळवत हुतं. नट काढले, बोल्ट निम्मा मागं आला, आणि पहिली तुळई एका बाजूनं वीतभर खाली बसली. दुसऱ्या टोकाचे बोल्ट होते म्हणून लटकून राहिली. पोरानं मुख्य तुळईला मिठी मारली. खाली उतरवलं तेव्हा त्याचे हात मुठी आवळलेलेच, उघडेनात. पाणी पाजायला बाटली दुसऱ्यानं तोंडाला लावली.

त्या दिवसापासून समोरासमोरच्या जोडाला खाली अँगलची बैठक वेल्ड करून घेतल्याशिवाय मी क्रेनचा हूक सोडत नाही. ठेकेदार म्हणतो जादा लोखंड कुणाच्या पैशानं. म्हटलं माझ्या मजुरीतनं काप.

ह्यूस्टनकर
खलाशी दादा, तुमच्या टोळीतली पोरं नशीबवान. अमेरिकेत हे कायद्यातच आहे. ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) नियमाप्रमाणे क्रेनने तुळई सोडण्याआधी प्रत्येक जोडाला किमान दोन बोल्ट, ड्रॉइंगमधल्याच मापाचे आणि ताकदीचे, पान्याने आवळलेले पाहिजेत. खांबाच्या वेबला किंवा खांबावरून जाणाऱ्या तुळईच्या वेबला दोन बाजूंनी सामाईक भोकांत जोड येत असेल तर दुसरी तुळई बसेपर्यंत पहिलीचा निदान एक बोल्ट नटासकट कायम राहिला पाहिजे, नाहीतर खाली बैठक द्यायची. म्हणून आमच्याकडे डिटेलर एका बाजूच्या क्लीटला एक भोक जास्त ठेवतो, जे समोरच्या क्लीटशी सामाईक नसतं.

कोडवाला
खलाशी दादांच्या प्रतिसादाला काय लिहावं सुचत नाही. माझ्या हातून आजवर गेलेल्या ड्रॉइंगपैकी कितींमध्ये सामाईक बोल्ट होते ते आता रात्री आठवत बसेन.

तरी एका गोष्टीवर भोसरीकरांशी थोडं वाद घालतो. शॉप ड्रॉइंग तुमच्याकडेही आलं होतं ना? भोकं पाडण्याआधी एक क्लीट जमिनीवर जुळवून पाहिलं असतं तर २२ तुळया रंगवायची वेळ आली नसती. कन्सल्टंट हातात पाना धरत नाही, तुम्ही धरता.

भोसरीकर
मान्य. ट्रायल असेंब्ली केली नाही, तारखेची घाई होती. पण साहेब, ड्रॉइंगवर 'मंजूर' असा शिक्का असतो तेव्हा शॉपमधला माणूस त्यातलं भोक सरकवायची हिंमत करत नाही. मागे एकदा मी सुचवलं होतं, तर 'डिझाइन तुम्ही करणार का?' असं ऐकून घ्यावं लागलं. त्यानंतर तोंड बंद ठेवायची सवय लागते.

मेघना_आर्क
भोसरीकरांचं पटलं. मंजुरीचा शिक्का मारणाऱ्याने तरी विचारायला नको का की हे आवळणार कसं?

लोखंडे_काका
मी रेल्वेच्या पुलांवर नोकरी केली, आता निवृत्त. थोडं अवांतर करतो, मुलांनो.

आमच्या काळात जुने पूल सगळे रिव्हेटचे. भोक रिव्हेटपेक्षा दीड मिमी मोठं पाडायचं. रिव्हेट भट्टीत लाल करून घालायचा आणि ठोकायचा. ठोकताना तो फुगून भोक पूर्ण भरायचा, आणि गार होताना आखडून पत्रे घट्ट धरायचा. हावडा ब्रिज १९४३ साली खुला झाला, तो सगळा असाच रिव्हेटचा आहे, नट-बोल्ट नाही. तिथेही जागेचा प्रश्न होताच, कारण एका बाजूला डोक्याला टेकू धरायला माणूस लागायचा आणि दुसऱ्या बाजूला हातोडा. दोघांनाही हात घालायला जागा नसेल तर रिव्हेट बसतच नाही. त्यामुळे जुने ड्राफ्ट्समन हातोड्याची जागा आधी काढायचे.

तपासणीची पद्धत सांगतो. डाव्या हाताचं बोट एका बाजूला असं ठेवायचं की अर्धं रिव्हेटच्या डोक्यावर, अर्धं प्लेटवर. पलीकडून छोट्या हातोडीने टिचकी मारायची. ढिला रिव्हेट बोटाला लगेच कळतो, बारीक थरथर येते. घट्ट असेल तर दगडावर मारल्यासारखं. माझ्या बोटाला अजून ती थरथर आठवते.

निनाद_के
काका, यावर स्वतंत्र धागा काढाच. हात जोडून विनंती.

लहानपणी मेकॅनोची क्रेन करताना आतला शेवटचा नट बोट जात नाही म्हणून राहायचा, आणि मग आईची केस उपटायची चिमटी पळवायचो. भोसरीकर, आयएसएमबी ५०० साठी केवढी चिमटी लागेल?

भोसरीकर
हायड्राला लावायची चिमटी शोधतोय, मिळाली की सांगतो :)

कोडवाला
गॅसने भोक वाढवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. भोसरीकरांनी नाही म्हटलं ते शंभर टक्के बरोबर. आयएस ८०० मध्ये बोल्टाची भोकं गॅसने पाडायला मनाई आहे. भोक ड्रिलने पाडा, किंवा मर्यादेतल्या जाडीला पंच करा. गॅसने भोकाची कड खाचखळग्यांची होते, बोल्ट एकाच टेकाडावर टेकतो, आणि उष्णतेने कडेचं पोलाद कडक होऊन तिथून चीर जाऊ शकते.

शिवाय १५ मिमी खाली ओढलेलं भोक म्हणजे लांबट खाच. एम२० ला साधं भोक २२, मोठं भोक २४, आखूड खाच २२ बाय २६. मोठ्या भोकाला आणि आखूड खाचेला बेअरिंगची ताकद ०.७ पटीने धरायची, लांब खाचेला ०.५. तुमच्या जोडात भार वरून खाली येतो आणि खाचही वरखालीच होणार. म्हणजे भार आला की तुळई खाचेत सरकून बोल्टावर बसणार. वरती काँक्रीट टाकल्यावर ते सरकणं नको.

स्ट्रक्चर_विद्यार्थिनी
एम.टेक. करते आहे. आम्हाला परीक्षेला 'एम२० बोल्ट, पिच आणि एज डिस्टन्स कोडप्रमाणे किमान घ्या' असंच गणित येतं. किमान घेतलं की मार्क मिळतात. पाना हा शब्द दोन वर्षांत वर्गात ऐकलेला नाही. पुढच्या शनिवारी मैत्रिणींना घेऊन कुठल्या तरी शॉपमध्ये जायचं ठरवलंय.

खलाशी_मिरज
या की ताई. हाफ बूट घालून या, चप्पल नको. एक नट स्वतः आवळून बघा, मग आयुष्यात ५० चा पिच लिहिणार नाही.

वऱ्हाडी_डिटेलर
विद्यार्थिनी ताई, अजून एक जागा पाहून ठेवा. तुळईच्या फ्लँजवर बोल्ट देताना गेज फार आत घेऊ नका. आयएसएमबी ४०० ची फ्लँज १४० रुंद. एका कामात कुणीतरी गेज ६० ठेवला होता. मध्यापासून बोल्ट ३० वर. वेबची अर्धी जाडी साडेचार आणि कोपऱ्यातली गोलाई १४, म्हणजे गोलाई साडेअठरापर्यंत जाते. उरले साडेअकरा. एम२० च्या वॉशरचा व्यास ३७, त्याला लागतात साडेअठरा. वॉशर गोलाईवर चढला, नट तिरका आवळला गेला, बोल्ट वाकला. गेज ८० असता तर काहीच झालं नसतं.

आयएसएमबीची फ्लँज आतून उतरती असते, सरळ नाही. तिथे साधा वॉशर नको, तिरपा वॉशर पाहिजे. शॉपवाले विसरतात आणि साइटवर कुणी पाहत नाही.

सांगलीचा_फिटर
तिरपा वॉशर पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्ही खराब माल आला म्हणून परत पाठवला होता. दुकानदाराने समजावून सांगितल्यावर पुन्हा घ्यायला गेलो.

ह्यूस्टनकर
साइटवर सोपं जावं म्हणून जोड बदलण्याबद्दल एक गोष्ट इथे यायलाच हवी. १७ जुलै १९८१, कॅन्सस सिटीमधलं हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीत लोंबणारे दोन पादचारी पूल, एकाखाली एक. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच लांब सळई छतापासून दोन्ही पुलांमधून खाली जात होती. वरच्या पुलाचा नट जागेवर न्यायचा तर सळईच्या मोठ्या लांबीवर आटे पाडायला लागणार होते. ते टाळायला दोन सळया केल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला किरकोळ बदल. पण आता वरच्या पुलाच्या पेटीतुळईखालच्या नटावर दोन्ही पुलांचं ओझं आलं. त्या संध्याकाळी नट तुळईतून फाटून वर निघाला. ११४ माणसं गेली.

अडचण खरी होती. नट आणि सळई जुळवायला जागा हवीच होती. पण बदल करताना भार कुठून कुठे जातो, हे पुन्हा कुणी मोजलं नाही. म्हणून भोसरीकर, तुम्ही जो काही उपाय कराल तो कन्सल्टंटकडून हिशेबासकट लिहून घ्या. फोनवर 'करा' म्हटलं तरी चालवू नका.

कोडवाला
ह्यूस्टनकरांशी पूर्ण सहमत.

भोसरीकर, माझा सल्ला असा. वेबच्या बाजूचे बोल्ट काढून टाका आणि क्लीट दुय्यम तुळईच्या वेबला वेल्ड करा, शॉपमध्ये, तुळई आडवी ठेवून. मग कोपऱ्यात वेबच्या बोल्टाचा नटच उरत नाही. ४२ चे ४२ मोकळे, सॉकेटला लागतात २२. मुख्य तुळईच्या बाजूला मात्र साइट-बोल्टच राहू द्या. ती बाजूही वेल्ड करू या असं कुणी म्हणेल तर ऐकू नका. तो पाय थोडा लवचिक राहायला हवा, तुळईचं टोक भाराखाली किंचित वळतं ते त्यातूनच वळतं.

वेबच्या बाजूला वेल्ड आणि बोल्ट दोन्ही ठेवून भार वाटून जाईल असं धरू नका. साधा बोल्ट भोकातल्या मोकळ्या जागेत थोडा सरकल्याशिवाय भार घेत नाही, वेल्ड सरकू देत नाही. सगळा भार वेल्डवरच धरायचा.

सांगलीचा_फिटर
वेल्डच्या जागेवरचा रंग आधी घासून काढा. रंगावर वेल्ड मारला की आत फुगे धरतात.

निनाद_के
दहा दिवस झाले, भोसरीकर गायब. काय झालं पुढे?

भोसरीकर
माफ करा मंडळी, साइटवरच होतो. सविस्तर सांगतो.

वऱ्हाडी दादांनी सांगितलेला हिशेब एका कागदावर स्केचसकट काढला आणि कन्सल्टंटच्या ऑफिसात स्वतः घेऊन गेलो. बरोबर एक क्लीट, दोन बोल्ट, नट, वॉशर आणि ३० चं सॉकेट पिशवीत घातलं होतं. टेबलावर जोडून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, साहेब, हा नट तुम्ही चढवून दाखवा. त्यांनी दोन मिनिटं प्रयत्न केला. मग क्लीट खाली ठेवलं आणि चहा मागवला. पुढे आवाज चढला नाही, ना त्यांचा ना माझा.

चौथ्या दिवशी त्यांनी सुधारित ड्रॉइंग दिलं, सहीसकट. वेबच्या बाजूला ६ मिमी फिलेट वेल्ड, पूर्ण उंचीला आणि वरखाली थोडं वळवून. भार सगळा वेल्डवर धरलाय, वेबमधली रिकामी भोकं हिशेबात घेतली आहेत. मुख्य तुळईच्या बाजूचे चार बोल्ट तसेच, कारण तिथली भोकं मुख्य तुळयांत आधीच पाडलेली आहेत. पुढच्या टप्प्यातल्या तुळयांना मात्र तीन बोल्ट, ७० पिच. कोडवाल्यांचा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मान डोलावली.

खलाशी दादा, तुमचा प्रतिसाद फिटरला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, बैठकीचे अँगल कापायला घेऊ का. प्रत्येक जोडाखाली ७५ चा अँगल मुख्य तुळईच्या वेबला दोन्ही बाजूंनी लावलाय, तोही ड्रॉइंगमध्ये घालून घेतला. जादा लोखंड आणि वेल्डिंगचा खर्च मी आणि कन्सल्टंटनी निम्मा-निम्मा वाटून घेतला. मालकाला सांगितलं, त्यांनी तारीख आठ दिवस पुढे दिली.

परवा पहिली जोडी बसली. तुळई बैठकीवर टेकली, टॉमीने भोकं जुळवली, बोल्ट हाताने आत गेले. सॉकेट लावलं आणि रॅचेटचा कटकट आवाज आला. फिटर वरून ओरडला, "साहेब, फिरतोय!"

वऱ्हाडी_डिटेलर
वाह! पिशवीत क्लीट घालून नेलं हे फारच भारी केलं न दादा.

खलाशी_मिरज
एक विचारतो. बैठकीचा अँगल तुळई बसल्यावर तसाच ठेवणार का काढणार? आणि बैठक आणि तुळईच्या खालच्या फ्लँजमध्ये किती फट ठेवलीय?

भोसरीकर
तसाच ठेवणार दादा, काढायला गॅस लावायचा नाही. फटीचं कन्सल्टंटना विचारलं होतं. बैठकीवर कायमचा भार धरलेला नाही, म्हणून ३ मिमी ठेवलीय. चढवताना पातळ पॅकिंग सरकवायचं आणि बोल्ट आवळून झाले की काढून घ्यायचं. तुमच्या अनुभवात ३ पुरते का?

खलाशी_मिरज
पुरते. पॅकिंगला तार बांधून ठेवा, काढताना खाली पडून कुणाच्या डोक्यात जायला नको.